सरळ चालणारा मासा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मला जिताडा खाऊ घालायचा, असं माझ्या सासऱ्यांनी ठरवलं, आणि तो कोणत्या आमिषाने धरायचा हे ठरवण्याचं काम माझ्याकडे दिलं. मी तोवर मासा खाल्ला नव्हता. समुद्रही पाहिला नव्हता. नदी पाहिली होती ती बेतवा, जी सभ्य नदीसारखी एकाच दिशेने वाहते.

आमचं घराणं झाशीत पाच पिढ्यांचं, खंडेराव गेटजवळचं. पूजाअर्चेसाठी देशावरून आणलेले आम्ही लोक. ज्यांनी आणलं त्यांचं राज्य गेलं, पूजा राहिली. मासा म्हणजे दशावतारातला पहिला, एवढीच घरात त्याची ओळख. सासरे कोकणातले, खाडीकाठच्या एका गावचे. रेल्वेच्या नोकरीने झाशीला आले आणि मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त करणाऱ्या शॉपचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. तेही ब्राह्मणच, पण मासे खाणारे. झाशीत मराठी घरं इतकी मोजकी, की पत्रिका सहज जुळायच्या. अडायचं ते स्वयंपाकघरापाशी. "मुलगी इथे आल्यावर खाणार नाही ना?" एवढंच माझ्या आईने विचारलं होतं. मुलगा तिकडे जेवायला गेल्यावर काय करील, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

जिताडा हा खाडीतला मोठा चंदेरी मासा. भरतीबरोबर नदीत चढतो, ओहोटीबरोबर उतरतो. सासऱ्यांच्या गावात पहिल्या दिवाळसणाला तो जावयाच्या ताटात पडलाच पाहिजे. नाही पडला तर मुलगी दिली पण मान दिला नाही, असं लोक म्हणतात. म्हणून तिथले शेतकरी जिताड्याची पिल्लं खाडीतून आणून शेतातल्या तळ्यात वाढवतात आणि जावयासाठी राखून ठेवतात. सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं असं तळं होतं. घराण्यातल्या सगळ्या जावयांना आजवर त्याच तळ्यातला जिताडा मिळाला होता. भाच्यांच्या नवऱ्यांना, पुतण्यांच्या जावयांना, सगळ्यांना.

"माझ्या जावयाला माझा जिताडा," सासरे म्हणाले. "थोरल्याचा नको."

त्यामागे जुनं दुखणं होतं. सतराव्या वर्षी ते गावातून निघाले, तेव्हापासून सुट्टीवर गेले की पाहुणे. थोरला त्यांना पाट मांडून द्यायचा आणि गावकऱ्यांना सांगायचा, "हा आमचा रेल्वेवाला. याला आता खाडीचं पाणी बाधतं." आयुष्यभर सासऱ्यांनी हे हसून घेतलं. आता एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं होतं, आणि एक तरी मासा स्वतःच्या हाताने धरून जावयाला वाढायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मनाशी केलं असतं तर ठीक होतं. त्यांनी ते निवृत्तीच्या निरोपसमारंभात केलं. तीन अधिकाऱ्यांनी तीन भाषणांत त्यांना 'रेल्वेच्या चाकाचा कणा' म्हटल्यावर (चाकाला कणा नसतो हे त्या मांडवात सर्वांना माहीत होतं, शॉपच वाघिणींचा होता) ते उठले आणि म्हणाले, की आता मी माझ्या मुलुखात जाऊन दिवाळीचा मासा धरून आणणार आहे, बर्फात घालून, आपण सगळ्यांनी पाहायला यावं. टाळ्या झाल्या. गळ्यात हार असला की माणूस काहीही कबूल करतो.

साधन होतं. कारखान्यातला एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना गळाची काठी, पितळी चरखी आणि एक पत्र्याचा डबा सासऱ्यांना देऊन गेला होता. डब्यात एक लाकडी खोटा मासा होता, निळ्या रंगाचा, अंगावर ओरखडे असलेला, तोंडापाशी ओठासारखी वाकडी पत्री, म्हणजे पत्र्याची पट्टी, बसवलेला. शिवाय असल्या खोट्या माशांचं एक जाड इंग्रजी कॅटलॉग. युक्ती साधी होती. होडी सावकाश वल्हवत न्यायची, मागे लांब दोरीवर खोटा मासा पाण्यातून ओढायचा, आणि खऱ्या माशाने त्याला पळणारं भक्ष्य समजून झडप घालायची.

"इंग्रजी तुमचं चांगलं," सासरे म्हणाले. मी त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचो आणि रिकाम्या वेळात हाताला लागेल ते वाचायचो, हा माझा दोष त्यांना ठाऊक होता. "हे पुस्तक वाचा आणि सांगा, कुठला घ्यायचा."

मी वाचलं. आठ दिवसांनी मला पूर्वीपेक्षा कमी समजत होतं. बाराव्या पानावर लिहिलं होतं, की पाणी गढूळ असेल तर भडक रंगाचा मासा घ्यावा, म्हणजे दिसतो. एकोणिसाव्या पानावर, गढूळ पाण्यात काळा घ्यावा, म्हणजे उठून दिसतो. एक मासा फूटभर खोल चालणारा होता, दुसरा सहा फूट, आणि दोन्ही 'भरतीच्या नद्यांसाठी सर्वोत्तम' होते.

"दादा, नदीला भरती येते म्हणजे नक्की काय होतं?" मी विचारलं. बायको त्यांना दादा म्हणायची म्हणून मीही म्हणत असे.

"पाणी उलटं येतं."

"डोंगराकडे?"

"डोंगराकडे. सहा तास अप, सहा तास डाउन. सिंगल लाइन आहे असं समजा."

"आणि मासा?"

"मासा गाडीबरोबर."

"मग होडी कुठल्या दिशेला न्यायची? गाडीबरोबर की समोरून?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "गावात कुणी विचारलं नव्हतं हे," ते म्हणाले. मला तेव्हा शंका आली, आणि हळूहळू ती खरी निघाली, की त्यांनीही जिताडा कधी धरला नव्हता. खाल्ला मात्र पुष्कळ होता. म्हणजे आमच्या दोघांत मिळून एक खाणारा होता आणि एक वाचणारा.

शेवटी ऑफिसात करतो ते केलं. मी तक्ता आखला. लांबी, वजन, खोली, रंग, चाल असे रकाने. सासऱ्यांनी तो पाहिला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "मागवायचं कशाला? आपणच करू." दोन दिवसांत मी नकाशा काढला. खाली उजवीकडे चौकटीत लिहिलं: खोटा मासा, नग चार, मापे इंचांत. सासऱ्यांनी तिथे माझी सही घेतली. नमुने बनवणारा त्यांचा एक जुना सुतार होता. त्याने घरी बसून देवदाराच्या तुकड्यांतून चार मासे कोरले, पोटात शिसं भरलं, तोंडाला पत्री बसवली. रंग वर्कशॉपचेच वापरले. एक सिग्नलचा लाल, एक सिग्नलचा हिरवा, एक प्रवासी डब्याचा तांबडा आणि एक काळा. चारही मासे ओळीने ठेवले की यार्डाचा देखावा दिसायचा.

मग सासऱ्यांनी ते तपासायला घेतले, आणि इथे घोळ झाला.

त्यांच्या मागच्या अंगणात पाण्याचा लांब हौद होता. एका टोकाला मी दोरी धरून मासा ओढायचो, दुसऱ्या टोकाला ते उकिडवे बसून पाहायचे. काळा मासा पाण्यात शिरला आणि डावी-उजवीकडे झुलत, शेपूट हलवत आला. मला तो फार आवडला.

"डोलतोय," सासरे म्हणाले.

"हो ना. अगदी खरा वाटतो."

"डोलतोय म्हणजे नापास." ते पकड घेऊन आले. "अहो, वाघीण रुळावर अशी डोलायला लागली तर चार मैलांत खाली उतरेल. ओठ वाकडा बसलाय याचा."

चाळीस वर्षं त्या माणसाने डोलणाऱ्या वाघिणी पकडून, त्यांचे आस आणि स्प्रिंगा तपासून, त्यांना सरळ करून पाठवलं होतं. त्यांच्या दृष्टीने चालत्या वस्तूचं एकच पुण्य: सरळ चालणं. पत्री थोडी वाकवायची, पोटाचं लाकूड कानशीने घासायचं, पुन्हा ओढायचं. दसरा येईपर्यंत चारही मासे हौदातून असे जायला लागले, की जणू आतून कुणी तार ओढली आहे.

कॅटलॉगात मी उलट वाचलं होतं. तसं मी बोललोही. "दादा, यात लिहिलंय की मासा जखमी असल्यासारखा लडबडत गेला पाहिजे. म्हणजे मोठ्या माशाला तो सोपा वाटतो."

"जखमी?" सासऱ्यांनी कानशी खाली ठेवली. "माझ्या शॉपमधून जखमी माल बाहेर गेला नाही कधी."

बायको दारात उभी होती. "तुम्ही नुसतं हो म्हणा," ती मला आत बोलावून म्हणाली. "त्यांना मासा मिळाला तरच ते मरेपर्यंत सुखाने झोपतील. आणि तुम्हाला काही खावं लागणार नाही. ताटाला हात लावायचा, मग मी उचलून घेईन."

मी हो म्हटलं. पण मनात ठरवलं, की आधी नदीत पाहू.

रविवारी आम्ही पॅसेंजरने पारीछ्याला गेलो. तिथे बेतवेवर बंधारा आहे, मागे रुंद पाणी साठतं. एक केवट होडी घेऊन तयार झाला. सासऱ्यांनी डबा उघडला तेव्हा तो वल्ह्यावर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिला.

"काए बाबूजी," त्याने विचारलं, "जे मछरियां खाबे की हैं कै खिलाबे की?"

"पकड़ने की," सासरे म्हणाले.

"मछरिया सें मछरिया?" तो हसला. "हओ. बैठो."

पहिला तास आम्ही साहेबाचा निळा मासा ओढला. त्याला सासऱ्यांनी अजून हात लावला नव्हता, त्यामुळे तो वाकड्या ओठाने मनसोक्त डोलत चालला होता. मी देवाकडे एकच मागत होतो: याला मासा लागू दे, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. काही लागलं नाही. मग सासऱ्यांनी प्रवासी डब्याच्या रंगाचा तांबडा सोडला. तो बाणासारखा सरळ निघाला. पाच मिनिटं झाली असतील, चरखी करकरली, काठी वाकली, सासरे उभे राहिले, होडी कलली, केवटाने त्यांचं धोतर धरलं, आणि लांब मिशांचा एक मासा होडीत येऊन पडला. केवट त्याला पढिन म्हणाला.

"पाहिलंत?" सासऱ्यांनी काठी उंच धरली. "पाहिलंत जावईबापू? सरळ!"

केवटाने मासा उलटा केला. गळ तोंडात नव्हता, पोटाच्या खाली, शेपटीकडे रुतला होता. "ईने खाओ नइयाँ, बाबूजी," तो म्हणाला. "जो तो भिड़ गओ."

म्हणजे माशाने झडप घातलीच नव्हती. वाटेत उभा होता, धडक बसली.

"धडक तर धडक," सासरे म्हणाले. "मासा आला की नाही?"

आला होता. मी त्या माशाकडे पाहत राहिलो आणि माझं सगळं वाचन डोक्यातून गळून गेलं. पुस्तक म्हणत होतं डोलणारा, बेतवा म्हणत होती सरळ, आणि केवट म्हणत होता की दोन्ही नाही. मी तिघांपैकी कुणाच्या बाजूने बोलणार होतो? मासा केवटाला देऊन आम्ही परतीची गाडी पकडली. गाडीतच सासऱ्यांनी खिशातून पकड काढली आणि साहेबाच्या निळ्या माशाचा वाकडा ओठ सरळ केला. मी समोर बसून पाहिलं. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"कुठला धरू मुख्य म्हणून?" निघण्याच्या दिवशी त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगा. रंग तुमचा."

"तांबडा," मी म्हणालो, कारण तेवढ्याच्याच बाजूने पुरावा होता, तोही पोटाखालचा.

ते एकटेच गेले. आम्हाला रजा मिळाली नव्हती, म्हणून दिवाळसण झाशीतच, सिविल लाइन्सच्या कडेला त्यांनी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत व्हायचा होता. सहा दिवसांनी रेल्वेच्या तारेवरून स्टेशनात निरोप आला: मासा घेऊन मेलने येतो. बस्स, तेवढाच. तार घेणाऱ्याने तो शॉपमध्ये कळवला, आणि शॉपने जे करायला नको होतं ते केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आली तेव्हा फलाटावर वीस-पंचवीस माणसं, झेंडूचा जाड हार आणि निरोपसमारंभात बोललेल्या तीन अधिकाऱ्यांपैकी एक, असा जमाव होता. अधिकाऱ्याच्या हातात कागद होता. त्याने पुन्हा भाषण आणलं होतं.

सासरे ब्रेक-व्हॅनमधून उतरले. मागून हमालाने भुशाने भरलेली लाकडी पेटी उतरवली. तिच्यातून बर्फाचं पाणी गळत होतं.

"फोरमैन साहब जिंदाबाद!" कुणीतरी ओरडलं. पेटी उघडली. भुसा आणि बर्फ बाजूला सारल्यावर आत हातभर लांबीचा, रुंद, चंदेरी मासा होता. गर्दीतून "वाह" निघालं.

"किस पर पकड़ी, साहब? लाल पर कि काली पर?" सुताराने विचारलं. त्याला आपल्या कामाचं कौतुक ऐकायचं होतं.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. खोटं बोलायला एकच शब्द पुरला असता. लाल म्हणाले असते तरी चाललं असतं. मी मनातून त्यांना तो शब्द पुरवत होतो.

"पकड़ी नहीं," ते म्हणाले. "बड़े भैया के तालाब की है. उन्होंने दी."

हार धरलेल्या माणसाला तो कुणाला घालावा ते कळेना. त्याने तो थोडा वेळ धरून ठेवला, मग पेटीवर ठेवला. अधिकाऱ्याने कागदाची घडी केली आणि तरीही भाषण केलं, कारण ते पाठ होतं. बंधुप्रेमावर जोडलेली दोन वाक्यं मात्र त्यातल्या त्यात बरी होती.

टांग्यात सासरे पेटीवर हात ठेवून बसले. घरी आल्यावर हातपाय धुऊन पाटावर बसले आणि मग स्वतःहून सांगितलं. चार भरत्या आणि चार ओहोट्या ते खाडीत फिरले. पाचही मासे ओढले. काही लागलं नाही. शेवटच्या दिवशी थोरला स्वतः वल्हवायला बसला, कुतूहल म्हणून. मागे वाकून त्याने पाण्यातला तांबडा मासा पाहिला आणि इतका हसला, की वल्हं पाण्यात पडलं.

"म्हणाला, 'अरे, असा सरळ जाणारा मासा मी फक्त कोळणीच्या टोपलीत पाहिलाय.'"

मी म्हणालो, "दादा, पुस्तकात डोलणारा सांगितला होता."

"सांगितलं होतंत तुम्ही. एकदा."

"हो."

"मग दुसऱ्यांदा का नाही?"

मला खात्री नव्हती, हे खरं. आणि खात्री नसताना फोरमनच्या विरुद्ध बोलायची मला सवय नव्हती, हे जास्त खरं.

"मग वाकवून पाहिला का?" मी विचारलं.

"पाहिला. थोरल्याने दातांनी पत्री वाकवली. डोलायला लागला चांगला, अगदी दारुड्यासारखा."

"मग?"

"तरी नाही लागला. दोन तास ओढला. मग ओहोटी संपली." ते तळहातांकडे पाहत होते. चरखीच्या दोरीने बोटं कापली होती. "तळ्यातला नको म्हणत होतो मी. थोरला म्हणाला, 'पोरीच्या घरी रिकाम्या हाताने जाणार का? तुझी हौस मोठी की तिचा सण?' त्याचं बरोबर होतं. काय करणार."

स्वयंपाकघरातून आंबटतिखट वास येत होता. तो मला चांगला की वाईट, हे आजही नीट सांगता येणार नाही. बायकोने ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. भात, सोलकढी, एका बाजूला जिताड्याचं डोकं आणि मधला जाड तुकडा. मानाचा भाग तोच. ती माझ्या शेजारी बसली, ठरल्याप्रमाणे उचलून घ्यायला.

सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं. "हवं तर काढून ठेवा," ते मला म्हणाले. "तुमच्याकडे चालत नाही, माहीत आहे मला. मी धरलेला असता तर आग्रह केला असता. आता कुठल्या तोंडाने करू?"

मला माझी आई आठवली, देवघर आठवलं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की हे ताट असंच परत गेलं तर हा माणूस दुसऱ्यांदा हरेल, आणि या वेळी माझ्यामुळे. योग्य काय ते मला कळत नव्हतं. मी तुकड्याला हात घातला. बायकोचा हात पुढे आला होता तो थांबला.

तोंडाशी नेणार एवढ्यात सासरे ओरडले, "थांबा! काटे!"

ते पाटावरून उठले, माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसले, आणि माझ्याच ताटात कापलेली बोटं घालून त्यांनी तुकडा उलगडला. पांढरे, लांब काटे एकामागून एक न मोडता सुटून येऊ लागले. त्यांना जागा शोधावी लागत नव्हती, पाहावंही लागत नव्हतं. काट्यांची ताटाच्या कडेला नीट रांग झाली. मग त्यांनी डोक्याच्या गालातून अंगठ्याने एक लहानसा मऊ गोळा काढला आणि भातावर ठेवला.

"हे आधी," ते म्हणाले. "हे थोरल्यालाही सफाईने काढता येत नाही. लहानपणी त्यालाही मीच काढून द्यायचो."

मी खाल्लं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्यांची बोटं पुढचा काटा काढत होती.